उजवीकडची थप्पी

थांब गं, नुसतं ऐक. मध्ये एक शब्द बोलायचा नाही. चहा गार झाला तर होऊ दे, दुसरा सांगू.

तर मी माळ्यावर पालथी पडलेय. नाक फळीला टेकलेलं, श्वास बंद. फळीत एक फट आहे, बोटाएवढी, आणि त्या फटीतून खाली कोण दिसतंय? माझी छबूमावशी! सख्खी. आईची थोरली बहीण. गादीवर मांडी घालून बसलीय, शेजारी तिची पोरगी मोनी, आणि दोघींपुढं हा एवढा साड्यांचा ढीग. इकडं लताताई मला कोपरानं ढोसतेय, "काय गं, पाल आहे का?"

"गप ना."

"ओळखीचं आहे कोण?"

"नाही गं. कोण नाही."

असं म्हणाले मी. कोण नाही.

आता तू म्हणशील, ही माळ्यावर काय करत होती. सांगते. पाच वर्षं झाली याला. मी पुण्यात नवीन होते, चारएक महिने झाले असतील. आमचं गाव करमाळ्याच्या पुढं, पांगरवाडी. कॉम्प्युटरचा कोर्स केला तालुक्याला जाऊन, आणि म्हटलं पुण्याला जाणार. दादा, म्हणजे माझे वडील, नाहीच म्हणाले. तेव्हा ही छबूमावशी आली आणि आमच्या ओट्यावर बसून दादांशी भांडली गं! "भावजी, पोरगी हापिसात बसंल, पंख्याखाली. तुम्ही बघाच. नाही बसली तर माझं नाव बदला." दादा तिला जरा टरकूनच असतात. तर असं मी आले. येताना मावशीनं एक पिशवी शिवून दिली, चिंध्या जोडून. मावशी गोधड्या शिवते ना. आख्ख्या पंचक्रोशीत तिची गोधडी ओळखतात, का तर कोपऱ्यात लाल दोऱ्यानं चिमणी काढलेली असते. एवढीशी. चार टाके आणि एक चोच. तशी चिमणी माझ्या पिशवीवरपण होती, बंदाच्या खाली.

आणि ऑफिस? ऑफिस मिळालं की! डाटा एन्ट्री. अठराव्या दिवशी गेले तर दाराला कुलूप. पोरीपोरी नुसत्या जिन्यात उभ्या. साहेबाचा फोन बंद. आता घरी काय सांगू? मावशीचं नाव बदलू? होस्टेलमधली एक पोरगी लक्ष्मी रोडला साडीच्या दुकानात होती, ती म्हणाली घडी घालायला माणूस पाहिजे, ये महिनाभर. गेले. महिन्याचे चार महिने झाले, आणि घरी फोनवर मी अजून ऑफिसात.

दुकानाचं नाव विचारू नकोस, सांगणार नाही. जुनं दुकान. खाली गाद्या, वर लाकडी माळा. माळ्यावर उभं राहता येत नाही, वाकून चालायचं. मधोमध चौकोनी भोक, त्यातून साड्या खाली द्यायच्या. खाली उलगडलेल्या साड्या संध्याकाळी वर येतात आणि आम्ही, मी आणि लताताई, त्यांच्या घड्या घालतो. बास, एवढंच काम. डांबराच्या गोळ्यांचा वास, एक टेबलफॅन, आणि घड्या.

पण ऐक, मला ते जमलं! म्हणजे काय जमलं. लताताई सोळा वर्षं तिथं, ती म्हणायची, "पोरी, तुझ्या बोटांत इस्त्री आहे." आणि मग दुसऱ्या महिन्यात तिनं मला ती घडी शिकवली. आतली घडी. एखाद्या साडीत धागा तुटलेला असतो, जाळी पडते, मागाचं तेल लागलेलं असतं. असली साडी विणकराकडं परत जात नाही. तिची घडी अशी घालायची की डाग तिसऱ्या घडीत गेला पाहिजे. वर काठ, त्याच्यावर पदर, सगळं झकास. गिऱ्हाईक वरवर उलगडतं, दोन घड्या उघडतं, तिसरी कोण उघडतंय? ती थप्पी उजवीकडं. चांगला माल डावीकडं.

आणि ती साडी कुणाला द्यायची? इथंच सगळी गंमत. गंमत म्हणजे... असो. पहिल्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. बाबूकाका म्हणून मुख्य सेल्समन होते, गोड माणूस, कपाळाला गंध. येईल त्या बाईला विचारायचे, "कुठून आलात, माऊली?" मी म्हटलं, वा! पुण्यात कुणी कुणाला विचारत नाही, आणि हा माणूस प्रत्येकीला गाव विचारतो! मला आमच्या पाराची आठवण आली. दोन महिन्यांनी लताताईनं सांगितलं. बाई कोथरूडची निघाली तर डावीकडची थप्पी. लांबची असली, एसटीनं आलेली असली, तर उजवीकडची. ती काय साडी बदलायला परत एसटीचं भाडं घालून येत नाही.

मला सांगितल्यावर मी काय केलं असेल? काही नाही. मी म्हटलं, "अस्सं होय!" आणि पुढची साडी घेतली घडी घालायला.

हं, आता तो दिवस. त्याच्या आदल्या दिवशी मावशीचा फोन. "रोहे, उद्या येतोय आम्ही पुण्याला. मोनीची लग्नाची साडी घ्यायला. तू ये बाजारात, तुला आता चांगलं-वाईट कळतंय."

मी म्हटलं, "मावशी, मला उद्या मीटिंग आहे गं."

"बया! मोनी, ऐकलं का? मीटिंग हाय म्हणं तिला." आणि मग फोन तोंडाजवळ धरून, हळू, "जा बाई जा. साहेबाला नाराज करू नको. आमचं आम्ही बघतो."

लक्ष्मी रोडला किती दुकानं आहेत सांग! शेकडो! आणि या दोघी नेमक्या आमच्याच दुकानात शिरल्या.

बरं, ती साडी साधीसुधी नव्हती हं. मावशीच्या घरात अक्षतांना नवरी आईनं घेतलेली साडी नेसून उभी राहते. त्या एका साडीसाठी मावशीनं दोन हिवाळे लोकांच्या गोधड्या शिवलेल्या. मला माहीत होतं ते. मी सुयांत दोरे ओवून दिलेत तिला.

तर मी फटीतून बघतेय. मावशी साडी कशी बघते माहितेय? काठ नाही बघत, रंग नाही बघत. सरळ उलटी करते आणि मागची बाजू बोटांनी चाचपते.

मोनी वैतागली. "आई, साडी बघतीयस का गोधडीची चिंधी?"

"मागनं नीट तर पुढनं नीट. तू गप बस."

बाबूकाका हसले. "माऊलींना पारख आहे. कुठून आलात, माऊली?"

मी मनातल्या मनात म्हणतेय, मावशी, हडपसर सांग. कायपण सांग. तर ती कौतुकानं काय म्हणते, "लई लांबनं आलोय बघा. करमाळ्याच्या पुढं, पांगरवाडी. पहाटंची एसटी धरली."

"अरे वा वा! एवढ्या लांबून! मग तुम्हाला खासच दाखवायला पाहिजे." आणि मान वर करून, "वरनं मोरपंखी द्या गं. केशरी काठाची. उजवीकडनं."

मोरपंखी! दोन दिवसांपूर्वी मीच घातलेली घडी. पदरापासून दोन हातांवर जाळी पडलेली, चांगली तळहाताएवढी, कडेला तेलाचा डाग. मी ती अशी आत घेतली होती की लताताईनं मला शाबासकी म्हणून अर्धा वडापाव दिला होता.

आणि ऐक, डावीकडच्या थप्पीत तश्शीच दुसरी होती. मोरपंखी, केशरी काठ, एक धागा इकडचा तिकडं नाही. माझा हात गेला तिकडं. खरंच गेला, शपथ. साडी हातात आली होती.

"अगं उजवीकडनं म्हटलं ना! झोपली काय?" बाबूकाका.

गल्ल्यावरच्या मालकांनी मान वर केली. आणि मावशीनंपण. ती सरळ भोकाकडं बघायला लागली. मी मागं सरकले. डोक्यात एकच. तोंड दिसलं की संपलं. मावशीला कळणार मी कुठं बसते. दादांना कळणार. पोरगी पंख्याखाली बसंल म्हणाली होती ती दादांना, आणि पंखा होता म्हणा, टेबलफॅन.

लताताई कुजबुजली, "दे की. मालक बघतायत."

मी हातातल्या बांगड्या वर कोपरापर्यंत सरकवल्या. त्या मावशीच्याच होत्या, जत्रेतल्या. आणि उजवीकडची साडी उचलली आणि भोकातून हात खाली सोडला. नुसता हात. बाबूकाकांनी साडी घेतली. झालं.

एवढंच केलं मी. एका क्षणाचं काम.

खाली साडी उघडली आणि मोनी ओरडलीच, "आई, हीच! हीच पाहिजे!" बाबूकाकांनी पदर तिच्या खांद्यावर टाकला, आरसा आणला. मावशी मात्र आपलं चालूच. पहिली घडी उलटी केली. चाचपली. दुसरी उघडली. चाचपली. मी वर देवाला म्हणतेय, उघड, मावशी, तिसरी उघड. खरं सांगू? अर्धं मन म्हणत होतं उघड आणि अर्धं म्हणत होतं नको उघडू, कारण मग बाबूकाका वर ओरडणार, मग मला खाली बोलावणार.

तिनं तिसऱ्या घडीला बोट लावलं. आणि थांबली.

"पाणी मिळंल का हो जरा? लई ऊन झालं."

बाबूकाकांनी मागं बोट दाखवलं. पाण्याचा माठ आमच्या जिन्याखाली असायचा. मावशी उठली, गेली. मला दिसेना. पेल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं वर येते की काय! लताताईला म्हटलं, "मला जरा बरं वाटत नाहीये," आणि गठ्ठ्यांमागं जाऊन बसले.

मग मावशीचा आवाज आला. परत गादीवर आली होती. "मोनी, आवडली का तुला?"

"आवडली म्हणून तर सांगतेय ना मघापासनं!"

"बांधा मग, भाऊ."

बाबूकाकासुद्धा चकित. "बघा अजून, माऊली. निवांत बघा."

"राहू द्या. बघितली की. बांधा."

घासाघीससुद्धा केली नाही गं तिनं! छबूमावशी, जी कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजारात अर्धा तास उभी राहते! मी गठ्ठ्यांमागं बसून विचार करतेय, हिला झालं काय? का थांबली ही? दोन महिने मला ते कोडं सुटलं नाही.

पिशवी घेऊन दोघी गेल्या. लताताईनं विचारलं, "बरं वाटतंय का आता?" मी म्हटलं हो. आणि पुढची घडी घातली.

नाही, थांब, आत्ता बोलू नकोस. लग्न राहिलंय.

लग्नाला मी करवली होते. सांगणार कुणाला, पण मी चार दिवस आजारी पडायचा विचार केला होता. मग गेले. मोनी आत नेसत होती, मला आत जायचं धाडसच होईना. वाटत होतं, आत्ता किंचाळेल, आत्ता किंचाळेल. काहीच नाही. मोनी बाहेर आली, मोरपंखी साडी, केशरी काठ, हसतेय. मी म्हटलं, देव पावला, जाळी निऱ्यांत गेली वाटतं.

अंतरपाट धरला. करवलीनं नवरीच्या मागं उभं राहायचं असतं ना, करादिवा घेऊन. मी राहिले उभी. आणि माझ्या डोळ्यांसमोर, म्हणजे अक्षरशः वीतभर अंतरावर, मोनीच्या खांद्यामागं, चिमण्या. लाल दोऱ्याच्या. एक नाही, चांगल्या तेरा-चौदा. तळहाताएवढ्या जागेत दाटीवाटीनं बसलेल्या, दाणे टिपताना बसतात तशा. खाली मोरपंखी रंगाचं ठिगळ, इतकं बारीक शिवलेलं की टाका दिसेना. आणि एका चिमणीच्या पोटाशी तेलाचा डाग, पुसट. तो तेवढा राहिलाच होता.

मंगलाष्टका चाललेल्या. सगळे अक्षता टाकतायत. मी वाकून बघायला लागले, हातातला दिवा पार पदराशी गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "करवली, दिवा सांभाळ, नवरीची साडी जाळशील!" आणि सगळे हसले.

जेवणाच्या वेळी बायका मोनीभोवती. "अगं काय वर्क आहे! कुठं केलं?" नवऱ्या मुलाची आत्या तर पदर हातात घेऊन सोडेना. आणि मावशी, पुरणाचं ताट हातात, एकदम ताठ मानेनं, "पुण्यातनं करून आणलंय. तिथं आमची रोहिणी हाय ना."

मी ताट तसंच खाली ठेवलं. मी उठले, हात धुवायला म्हणून गेले ते विहिरीपाशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशी मला फाट्यावर सोडायला आली, एसटीला. दोघीच. माझी पिशवी तिच्या खांद्यावर, देतच नव्हती मला. एसटीला वेळ होता. दगडावर बसली, पिशवी मांडीवर घेतली, कमरेची सुई काढली आणि बंदाला टाके घालायला लागली.

"बंद तुटायला आलाय गं हिचा."

"जड सामान असतं मावशी कधीकधी."

"सामानानं नव्हं." दोरा दातानं तोडला. "त्या जिन्याखालच्या खुंटीला लटकून लटकून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या सगळ्यांच्या पिशव्या माठाशेजारच्या खुंट्यांवर असायच्या. पाणी प्यायला गेली होती ती!

"मावशी... तू बघितलीस?"

"माझी चिमणी मला वळखू यायची न्हाय?"

"मग हाक का नाही मारलीस?"

"तुझी मीटिंग होती ना."

तिरकस नाही हं. कसं सांगू तुला... साधं म्हणाली. जसं काही खरंच मीटिंग होती आणि तिला मध्ये बोलायचं नव्हतं.

मी रडायलाच लागले. म्हटलं, "मावशी, ऑफिस बंद पडलं गं, मी सांगणार होते, खरंच सांगणार होते..."

"मग रडायला काय झालं? दुकान तर दुकान. कष्टाचं हाय. तुझ्या दादाला मी काय सांगणार न्हाय, तू सांग तुला वाटंल तवा."

बघ, एवढं सोपं होतं! एवढ्यासाठी मी माळ्यावर पालथी पडले होते! मी डोळे पुसले, आणि मग मला राहवेना, विचारलंच, "मावशी, पण तू साडी उलटून का नाही बघितलीस? तिसरी घडी?"

तिनं सुई परत कमरेला खोचली. "चिमणी दिसली ना तिथं. म्हणलं, आपली पोर हाय या दुकानात. हितं कशाला बघायचं?"

लांबून एसटीचा धुरळा दिसायला लागला. मावशी उठली. पिशवी माझ्या खांद्याला अडकवली, बंद ओढून बघितला. आणि म्हणाली, ऐक, शब्द न् शब्द पाठ आहे मला. म्हणाली, "तुझ्या दुकानातला घडी घालणारा मातूर पक्का हाय. असा डाग आत घातला की माझ्यासारखीला घावला न्हाय. हात चांगला हाय त्याचा, काळीज न्हाय. असल्या माणसाजवळ बसू नको, रोहे. ऐकतीयस ना?"

असं म्हणताना ती बंदाकडं बघत होती. बंदावर माझा हात होता. ती बंदाकडंच बघत होती की हाताकडं, मला आजवर कळलं नाही. भोकातून खाली आलेला हात तिनं बघितला होता. बांगड्या वर सरकवल्या होत्या मी, पण हात तर हातच ना?

मी म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं म्हणाले आणि एसटीत चढले. खिडकीतून बघितलं तर ती हात हलवतेय, मोठ्यांदा सांगतेय, "पोचलीस की फोन कर!"

पुढच्या महिन्यात दुकान सोडलं मी. मावशीला वाटतं तिच्या सांगण्यावरून सोडलं. सगळ्यांना सांगत फिरते, "माझं ऐकलं पोरीनं." आणि त्या साडीच्या चिमण्या बघून आता शेजारच्या गावच्या दोन बायका तिच्याकडनं साडीवर चिमण्या काढून घेतात म्हणे. दादांना मी पुढं सगळं सांगितलं, ऑफिस, कुलूप, माळा, सगळं. तिसरी घडी नाही सांगितली. ती मी कुणालाच सांगितली नाही, तुला आत्ता पहिल्यांदा.

आणि रविवारी येतेय ती. माझ्याकडं, राहायला, आठ दिवस. म्हणून तर मघापासून माझं कशात लक्ष नाहीये.

आता बोल. माळ्यावर काय केलं असतंस ते नको सांगू, माळ्यावर सगळ्यांनीच चांगली साडी दिली असती, माहितेय मला. मी फाट्यावरचं विचारतेय. एसटी समोर येऊन उभी राहिलीय, कंडक्टर ओरडतोय, मावशीनं आत्ताच तुझ्या पिशवीचा बंद शिवून दिलाय, आणि ती म्हणतेय, असल्या माणसाजवळ बसू नको. तू बोलली असतीस?